शेऱ्यांचा रकाना

तेल शोधताना फील्डवर लिहिलेल्या नोंदी स्कॅन करताना पानांची उजवी कड कापली गेली होती. साठ-सत्तर पानं, सगळ्यांची तीच गत. शॉटचा, म्हणजे जमिनीत केलेल्या स्फोटाचा, नंबर होता, होलची खोली होती, चार्ज किती किलोचा ते होतं, फाइल नंबर, टेप नंबर, वेळ, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटचा रकाना नव्हता. शेऱ्यांचा.

ही 2016 ची गोष्ट. 1988 साली उत्तर गुजरातेत, मेहसाण्याच्या बाजूला शूट केलेली एक सिस्मिक लाइन, म्हणजे ओळीने स्फोट करून जमिनीखालचे प्रतिध्वनी टिपलेली रेघ, नव्याने प्रोसेस करायची होती. जुन्या टेपा वाचून झाल्या होत्या, डेटा नव्या सर्व्हरवर आला होता, माझ्या हाताखालच्या मुलाने भूमिती, म्हणजे कोणता शॉट कुठे आणि किती खोल ते, भरायला घेतली होती. त्याला ती कापलेली कड खटकली नाही. खटकावी तरी का? आकडे तर सगळे होते. मला मात्र त्या पानांकडे बघवेना. कारण पहिल्याच पानावरचं अक्षर माझ्या ओळखीचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी याच पानांवर शिकले होते, आणि जे शिकले ते नेमकं त्या कापलेल्या रकान्यात होतं.

आमचा धंदा जिओफिजिक्सचा. त्यातही तेल आणि वायू शोधायचा. लोकांना वाटतं, आम्ही जमिनीत भोक पाडून बघतो. भोक पाडणारे वेगळे, आणि ते फार उशिरा येतात. आम्ही त्याआधीचे. शेताच्या बांधावर वीस-पंचवीस मीटरचं बारीक होल घ्यायचं, त्यात दोन-तीन किलो स्फोटक उतरवायचं, वर माती-पाणी दाबून भरायचं आणि उडवायचं. तो हादरा खाली जातो. वाळूच्या थरावरून शेलच्या, म्हणजे चिखलापासून झालेल्या खडकाच्या, थरात शिरताना त्याचा थोडा भाग परत फिरतो, आणखी खाली चुनखडी लागली की आणखी थोडा. वर जमिनीत ओळीने खोचून ठेवलेले जिओफोन हा परतीचा थरकाप टिपतात. जिओफोन म्हणजे काय, तर मुठीत मावेल एवढी डबी, खाली टोकदार खिळा, आत चुंबकाभोवती स्प्रिंगवर लटकलेली तारेची गुंडाळी. जमीन हलली की डबी हलते, गुंडाळी जागीच राहू बघते, आणि तारेत एवढीशी वीज उमटते. शॉटनंतर दोन सेकंदांनी आलेला प्रतिध्वनी साधारण अडीच-तीन किलोमीटर खालून आलेला असतो. असे हजारो शॉट, लाखो ट्रेस, म्हणजे त्या थरकापाच्या नागमोडी रेघा. त्यातून जमिनीच्या पोटाचा एक उभा छेद तयार होतो. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो, आणि त्यात खोली प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेत मोजतो.

आणि हे सगळं चालू असताना रेकॉर्डिंगच्या गाडीत एक माणूस बसलेला असतो. त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. शॉट उडवायचा हुकूम तोच देतो, रेकॉर्ड कसं आलं ते तोच पाहतो, आणि प्रत्येक शॉटमागे तक्त्यात एक ओळ भरतो. ऑब्झर्व्हर्स रिपोर्ट. सगळ्यात उजवीकडचा रकाना: शेरा.

मी अलिबागची. आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. लोक समुद्र आणि किल्ला बघून परत जातात. मी सातवीत असताना बाबा मला तिथे घेऊन गेले होते. आत जायच्या आधी तिथल्या माणसाने बाबांच्या खिशातल्या किल्ल्या काढून घेतल्या, पट्टा काढायला लावला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाळ, केसातल्या पिना." दोन काळ्या पिना. मी त्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. माझ्या केसातल्या पिनेमुळे पृथ्वीच्या मोजमापात फरक पडू शकतो, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली, आणि त्यानंतर पुढे काय शिकायचं याचा मला कधी प्रश्न पडला नाही.

ती वेधशाळा अलिबागला आली त्यामागेही अशीच पिनेची कहाणी आहे, फक्त मोठी. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. विजेची ट्राम धावू लागली की कुलाब्याच्या सुयांना काही सुचणार नव्हतं. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडची जागा निवडली आणि 1904 साली अलिबागची वेधशाळा उभी राहिली. इमारतीचा पोरबंदरी दगडसुद्धा चुंबकीय नाही ना हे बघून घेतलेला. मग मूस यांनी लगेच कुलाबा बंद केलं का? नाही. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे आकडे जोडता यावेत. आणि 1910 मध्ये त्यांनी 1846 ते 1905 पर्यंतचा सगळा कुलाब्याचा डेटा छापून काढला. साठ वर्षांचा.

त्या साठ वर्षांत 1859 चा सप्टेंबर होता. त्या महिन्याच्या सुरुवातीला सूर्यावरून आलेल्या वादळाने जगभरच्या तारायंत्रांना झटके बसले. कुलाब्याच्या माणसांनी त्या वेळीही डोळ्यांनी वाचून, हाताने आकडे लिहिले. जवळपास दीडशे वर्षांनी, 2003 साली, ते वादळ नक्की केवढं होतं हे शास्त्रज्ञांनी मोजायला घेतलं तेव्हा त्यांच्या कामी आल्या त्या कुलाब्याच्या नोंदी. पृथ्वीच्या चुंबकत्वात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं एकक). ज्या कारकुनाने तो आकडा लिहिला त्याला आपण काय लिहितोय याची कल्पनाही नसणार. त्याने सुई कुठे आहे ते पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. मला या गोष्टीचं आजही फार अप्रूप वाटतं.

मी नोकरीला लागले 1986 मध्ये. त्या वर्षी जगात तेलाचे भाव कोसळले होते आणि परदेशातल्या सिस्मिक कंपन्या माणसं कमी करत होत्या. आपल्याकडे मात्र भरती चालू होती. माझ्याबरोबर लागलेल्या मुलांना फील्ड पार्ट्यांवर, म्हणजे रानात शॉट घेणाऱ्या तुकड्यांवर, पाठवलं. मला पाठवलं नाही. "कॅम्पवर बायकांची सोय नाही" एवढं एक वाक्य, आणि मी प्रोसेसिंगला, म्हणजे ऑफिसात बसून टेपांवरच्या डेटाचा सेक्शन करायला. तेव्हा मी रडले होते, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं तंबूत काढल्याशिवाय जिओफिजिसिस्ट होता येत नाही असं आमच्यात सगळे मानायचे, आणि ते खरंही आहे. मला फील्ड जे काही भेटलं ते टेपांच्या खोक्यांतून आणि त्या खोक्यांत वर ठेवलेल्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यातून.

पहिली दोन वर्षं मी ते गठ्ठे नीट वाचले नाहीत. आकडे उचलायचे, भूमिती भरायची, पुढे जायचं. शेऱ्यांच्या रकान्यात कोणीही काहीबाही लिहितं असं मला शिकवणाऱ्यानेच सांगितलं होतं.

मग ती 1988 ची लाइन आली. स्टॅक केला, म्हणजे सगळे ट्रेस जुळवून बेरीज केली, सेक्शन प्लॉटरवरून बाहेर आला, आणि मधोमध एक झकास फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकल्याची भेग. डावीकडचे थर सरळ येतात आणि एका जागी, वरपासून खालपर्यंत, सगळे वीसेक मिलिसेकंदांनी खाली सरकतात, पुढे बऱ्याच अंतराने पुन्हा वर येतात. तेल शोधणाऱ्याला फॉल्ट म्हणजे काय हे सांगायला नको. तिथे तेल अडून राहू शकतं. मी तो कागद भिंतीवर लावला, रंगीत पेन्सिलीने रेघ ओढली. चार लोकांना दाखवला. दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सहकारी तो कागद बघत बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "अहो, वरचा थर किती सरकलाय?" मी मोजलं. बावीस. "आणि तळाचा?" बावीस. "खरा फॉल्ट असा वागतो का?" मी गप्प. खरा फॉल्ट लाखो वर्षं हळूहळू सरकत असतो, त्या काळात वर नवे थर साचत असतात, म्हणून खोल थरांत त्याची झेप जास्त आणि वर कमी होत जाते. सगळे थर, कोवळे आणि म्हातारे, एकाच मापाने खाली गेले असतील तर गोष्ट पोटातली नसते, कातडीवरची असते. "रिपोर्ट वाचलात का?" त्यांनी विचारलं.

मी गठ्ठा काढला. इंग्रजी छापील तक्ता, त्यात निळ्या शाईचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. शॉट 212 पासून पुढे खोलीच्या रकान्यात ठरलेले वीसच मीटर लिहिलेले होते. ती ठराविक संख्या कोणीतरी सरसकट भरून टाकली होती. पण त्याच्या समोर, शेऱ्यात, देवनागरीत: "मुरमाचा कडक थर. ड्रिल अडकतंय. 6 मी. वरच लोड केलं. पुढचे 31 होल असेच."

सहा मीटर म्हणजे स्फोटक वरच्या भुसभुशीत मातीत. तिथे हादरा सेकंदाला सहा-सातशे मीटरनेच चालतो. खाली घट्ट जमिनीत तो तिप्पट वेगाने जातो. मुरमाचा थर पातळ, त्याखाली पुन्हा तसलीच माती. चौदा मीटर जास्तीची भुसभुशीत माती, म्हणजे वीस-बावीस मिलिसेकंदांचा उशीर. माझा फॉल्ट हाच. मी करेक्शन घातलं, पुन्हा स्टॅक केला, आणि थर सरळ झाले. तिथे कोणी विहीर घेतली असती तर कोट्यवधी रुपये मातीत गेले असते, आणि ती विहीर कोरडी का निघाली हे कुणाला कधी कळलं नसतं.

त्या रात्री मी ऑफिसात बसून तो अख्खा गठ्ठा वाचला. सहासष्ट पानं.

"ट्रेस 14 ते 19 वर कालव्याच्या पंपाचा आवाज. शेतकऱ्याला विनंती केली, बंद केला. पुन्हा घेतलं." "म्हशीने केबल ओढली. 3 जिओफोन गेले." "वारा वाढला. जोंधळा हलतोय. थांबलो." "शॉट 87 पीराच्या दर्ग्यामुळे 40 मी. उत्तरेला सरकवला, सर्व्हेअरला सांगितलं आहे, तरी तपासा." "ट्रेस 31 उलटा येतोय, वाटतं वायर उलट जोडली आहे, संध्याकाळी बघतो." आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर: "ट्रेस 31: होय, उलटच होती. कालच्या 97 ते 118 मध्येही उलट धरा."

ही शेवटची ओळ वाचून मी थबकले. काल दिवसभर आपल्याकडून चूक झाली हे त्याने लिहून ठेवलं होतं. लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. दूर कुठेतरी, त्याने कधी न पाहिलेल्या एका खोलीत, कुणीतरी हा कागद वाचेल आणि बावीस शॉटमधला एक ट्रेस उलटा करून घेईल, एवढ्यासाठी त्याने तो लिहिला होता. सही म्हणजे एक लांब वळणदार रेघ. नाव लागत नव्हतं.

टेपा परत कॅम्पवर जायच्या होत्या. मी खोक्यात वर एक चिठ्ठी ठेवली: "सगळे शेरे वाचले. 6 मीटरवाला फार उपयोगी पडला. 31 उलटा करून घेतला." पुढच्या खोक्यात उत्तराची चिठ्ठी नव्हती. पण शेरे दुप्पट झाले होते, आणि आता त्यांत माझ्यासाठी सूचना असायच्या. "इथे ग्राउंड रोल जास्त आहे, फिल्टर जपून लावा." (ग्राउंड रोल म्हणजे जमिनीच्या वरवरूनच सरपटत येणारा हादरा.) "हे रेकॉर्ड दिसायला वाईट पण टाकू नका, खालचा रिफ्लेक्शन इथेच छान आहे." तीन सीझन असं चाललं. मग त्याची पार्टी बदलली, किंवा तो निवृत्त झाला. अक्षर थांबलं. मी त्याला कधी पाहिलं नाही.

आमच्या धंद्याचा इतिहास सांगताना नेहमी यंत्रांचा आणि गणिताचा सांगतात. तो आहेच, आणि तो मला आवडतो. पण तो वाचताना आता माझी नजर दुसरीकडे जाते.

1921 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात जॉन कार्चर आणि त्याच्या सोबत्यांनी परतणाऱ्या लहरींवरून थर मोजून दाखवले. पहिल्या महायुद्धात त्याने शत्रूच्या तोफा त्यांच्या आवाजावरून हुडकायचं काम केलं होतं. तेच शहाणपण जमिनीला लावलं. तिकडे जर्मनीत लुडगर मिंट्रोप यानेही युद्धात हेच केलेलं, आणि 1919 मध्ये त्याने आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कार्चरचा प्रयोग यशस्वी झाला आणि तेलाचे भाव पडल्यामुळे लगेच बंदही पडला. 1925 नंतर तो पुन्हा उभा राहिला, आणि 1930 मध्ये कार्चरने जोडीदाराबरोबर जिओफिजिकल सर्व्हिस इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी काढली. याच कंपनीची 1951 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झाली, जिथे पुढे 1958 मध्ये जॅक किल्बीने पहिलं इंटिग्रेटेड सर्किट बनवलं. आज ज्या चिपांवर सगळं जग चालतं त्यांची एक मुळी तेल शोधायला रानात फिरणाऱ्या पार्ट्यांपर्यंत जाते. त्या कंपनीच्या मालकांपैकी सेसिल ग्रीन याची सुरुवात फील्ड पार्टीचा प्रमुख म्हणूनच झाली होती.

1927 च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला विहिरीतला पहिला विद्युत लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकांच्या विद्युत रोधाची नोंद, घेतला गेला. श्लूम्बर्जे बंधूंची कल्पना, आणि प्रत्यक्ष काम आंरी डॉल व त्याच्या सोबत्यांनी केलेलं. आज लॉग घेताना यंत्र न थांबता वर येतं. त्या दिवशी ते एकेक मीटरवर थांबवलं, काटा वाचला, वहीत लिहिला, पुढच्या मीटरवर नेलं. मग ते आकडे हाताने कागदावर मांडले. एन्डर्स रॉबिन्सनने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत डीकन्व्होल्यूशनचा, म्हणजे ट्रेसमधून स्फोटाच्या आवाजाची छाप गणिताने काढून टाकायच्या पद्धतीचा, पाया घातला तेव्हाही ट्रेसवरचे आकडे पट्टी आणि पेन्सिल घेऊन कागदावरून उतरवले होते.

आणि हॅरी मेन. त्याने 1950 मध्ये पेटंटसाठी दिलेली युक्ती इतकी साधी आहे की ऐकून माणूस म्हणतो, हे आधी कुणाला का सुचलं नाही! जमिनीखालच्या एकाच जागेला वेगवेगळ्या शॉटांनी, वेगवेगळ्या अंतरांवरून पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि सगळी उत्तरं जुळवून बेरीज करायची. खरा प्रतिध्वनी प्रत्येकात एकाच जागी असतो, त्याची बेरीज वाढत जाते. वाऱ्याचा, म्हशीचा, पंपाचा आवाज दर वेळी वेगळ्या जागी, तो एकमेकांना खातो. यालाच स्टॅक म्हणतात. पण या बेरजेला एक अट आहे: कोणता शॉट नक्की कुठे होता आणि किती खोल होता ते अचूक ठाऊक हवं. चुकीच्या जागेची बेरीज केली तर खरा प्रतिध्वनीही पुसला जातो. म्हणजे मेनच्या गणिताचा सगळा भार शेवटी रेकॉर्डिंगच्या गाडीतल्या त्या तक्त्यावर.

पुढचं लवकर सांगते. स्फोटकांच्या जागी कंपनाची अवजड वाहनं आली, त्यामुळे गावाच्या रस्त्यावरूनही काम करता येऊ लागलं. टेक्सासातल्या फ्रेंड्सवुडला 1967 मध्ये तीन मितींतला पहिला सर्व्हे झाला. जॉन क्लेरबाउटने स्टॅनफर्डला लहरींच्या समीकरणावरून मायग्रेशन, म्हणजे प्रतिध्वनी त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवणं, शिकवलं, 1984 मध्ये अल्बेर तारान्तोला याने पूर्ण लहरीवरून खडकाचे गुणधर्म उलटे काढायचं गणित मांडलं, आणि त्याला पुरेल एवढा कॉम्प्युटर यायला आणखी पंचवीस वर्षं गेली. यातल्या क्लेरबाउटवर माझा विशेष जीव आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो आपल्या विद्यार्थ्यांना बजावत आला की नुसता निकाल छापून भागत नाही. ज्या डेटावरून आणि ज्या प्रोग्रॅमने तो निकाल काढला ते सगळं असं ठेवा की दुसऱ्याला तीच आकृती पुन्हा काढता यावी. 31 नंबरचा ट्रेस उलटा होता असं लिहून ठेवणाऱ्या माझ्या ऑब्झर्व्हरला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बॉम्बे हायची. जुन्या एक रुपयाच्या नोटेवर मागच्या बाजूला समुद्रातली एक रिग आहे, ती 'सागर सम्राट'. 1974 च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तिला तेल लागलं आणि 1976 च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. रिग नोटेवर आली, ते योग्यच झालं. पण तिथेच भोक पाडायचं हे ठरलं त्याच्या किती तरी आधी, 1960 च्या दशकाच्या मध्यात. 'अकादमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून रशियन आणि ओएनजीसीच्या माणसांनी मिळून खंबातच्या आखातात आणि त्याबाहेरच्या समुद्रात सिस्मिक रेघा मारल्या, आणि तळाखाली तो अवाढव्य उंचवटा दिसला. त्या जहाजावर नोंदी कुणी लिहिल्या असतील? रात्रपाळीत, लाटांवर हलणाऱ्या टेबलाशी? मी ती नोट हातात घेतली की मला ती माणसं आठवतात, चेहरे नसलेली.

महाराष्ट्राच्या जमिनीवर मात्र आमचं काम फार अवघड आहे, कारण वर बेसॉल्ट आहे. दख्खनचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. हादरा त्यात शिरला की विखुरतो, मधल्या मधे घुमत राहतो, आणि खालून येणारा क्षीण आवाज त्यात हरवतो. कोयनेच्या 1967 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, के. एल. कैला यांच्या नेतृत्वाखाली, 1970 च्या दशकात दोन लांब रेघा घेतल्या: गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. सह्याद्री ओलांडून, थेट पृथ्वीच्या कवचाच्या तळापर्यंतचे प्रतिध्वनी टिपायला. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी नव्या पद्धतींनी पुन्हा तपासल्या. आणि किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटरचं होल घेतलं तेव्हा कळलं की बेसॉल्ट 338 मीटर जाड आहे, त्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर आणि मग थेट जुना खडक. आपण ज्याच्यावर घरं बांधून राहतो त्याच्या तळाची जाडी कळायला इतक्या माणसांचे जीव जावे लागले. त्या आकड्यांपाशी मला अजूनही थांबायला होतं.

अलीकडच्या दहा वर्षांत या धंद्यात जे घडतंय त्याची मला काळजी वाटते, ती इथे बोलून दाखवते. 2014 नंतर तेलाचे भाव पडले आणि मोठ्या कंपन्यांनी फील्डमधून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. श्लूम्बर्जेने 2018 मध्ये सिस्मिक डेटा गोळा करायचं काम सोडत असल्याचं जाहीर केलं. फ्रान्सच्या सीजीजीनेही तेच केलं. 2024 मध्ये तिने नावही बदललं, आता ती विरिडियन. डेटा गोळा करणारे वेगळे आणि डेटा वाचणारे वेगळे, एकमेकांना न भेटलेले, वेगवेगळ्या कंत्राटांचे. धंदा म्हणून यात काही चूक आहे असं मी म्हणत नाही. पण माझं आणि त्या निळ्या अक्षराचं जे नातं होतं त्याला कंत्राटात कुठला रकाना आहे?

जिओफोन आता बिनतारी झाले. प्रत्येकाच्या पोटात घड्याळ, बॅटरी आणि जीपीएस. म्हशीने ओढायला आता केबलच उरली नाही. रिपोर्ट गाडीतलं सॉफ्टवेअर आपोआप तयार करतं आणि आकडे खरोखर पूर्वीपेक्षा अचूक असतात. शॉट 40 मीटर सरकला तर जीपीएसला कळतंच. आवाज काढून टाकायला आता शिकवलेली न्यूरल जाळी आहेत, आणि मी ती वापरली आहेत, फार चांगलं काम करतात. पंपाचा आवाज असा निवडून काढतात की थक्क व्हावं. पण जाळ्याला दिसतो तो आवाज. हा आवाज का आहे, उद्याही असेल का, आणि पलीकडच्या शेतात कोणी नवी बोअर मारतंय म्हणून परवा इथे पुन्हा या, हे लिहायला तिथे उभं असलेलं माणूसच लागतं. नव्या रिपोर्टांत शेऱ्यांचा रकाना अजून आहे. बहुतेक ओळींत तिथे एकच शब्द असतो: ओके.

शेवटी मी फील्डवर गेले, 2003 मध्ये. वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तीन आठवड्यांसाठी, वडोदऱ्याच्या बाजूला. तोवर कॅम्पवर बायकांची सोय झाली होती. वेगळा तंबू आणि एक पाण्याची टाकी, एवढ्याचाच प्रश्न होता इतकी वर्षं. पहिल्या सकाळी जिओफोन खोचणाऱ्या एका मजुराने मला ते काम शिकवलं. आदिवासी मुलगा, पंचविशीचा असेल. मी डबी हाताने दाबून बसवत होते. त्याने ती उपटली, टाचेने आधी वरची सुकी माती बाजूला केली, खालच्या ओल्या मातीत खिळा टेकवला, वरून टाच दिली, आणि मग डबीला बोटाने टिचकी मारली. "डगमगली नाय पायजे, बेन," तो त्याच्या मिसळलेल्या बोलीत म्हणाला. "सुक्या मातीत सगळा खोटा आवाज येतो." त्या एका दिवसात त्याने तसे किती खोचले असतील! संध्याकाळी मी रेकॉर्डवर त्याच्या हातचे ट्रेस ओळखू शकत होते. ते शांत होते.

तर ती कापलेली कड. स्कॅनिंगचं काम बाहेरच्या एका संस्थेला दिलेलं होतं. त्यांच्या यंत्रात पान थोडं मोठं पडत होतं, तर त्यांनी कड सोडून दिली. कुणी तपासलं नाही. मूळ कागद रद्दीत गेले असं मला सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला नाही आणि गोदामाची किल्ली मागितली. माझ्याबरोबर तो मुलगाही आला, मला वाटतं आधी माझ्या वयाकडे बघून, खोकी उचलायला म्हणून. पत्र्याचं छत, मे महिना. दोन दिवस आम्ही खोकी उपसली. दुसऱ्या दिवशी दुपारी, टेपांच्या रिकाम्या डब्यांखाली, सुतळीने बांधलेला तो गठ्ठा सापडला. वाळवीने खालची दहा-बारा पानं खाल्ली होती. बाकीची होती.

मी 212 काढून मुलाला दाखवला. त्याने मोठ्याने वाचलं: "मुरमाचा कडक थर. ड्रिल अडकतंय." आणि म्हणाला, "मॅडम, स्कॅनमध्ये तर वीस मीटर आहे." तो आधीच्या दिवशीच एक स्टॅक काढून बसला होता, आणि त्यात त्यालाही फॉल्ट दिसला होता. त्याने मला सांगितलं नव्हतं. आधी खात्री करायची होती म्हणाला.

मग त्याने फोन काढला आणि एकेका पानाचा नीट, चारही कडांसकट, फोटो घ्यायला सुरुवात केली. मी पानं उलटून देत होते. बरीच पानं मला पाठ होती. एक मात्र मी विसरले होते, किंवा तेव्हा कामाचं नाही म्हणून सोडून दिलं असणार. दिवसाचा शेवटचा शॉट, वेळ सहा वाजून दहा मिनिटं, फाइल नंबर, टेप संपली, आणि शेऱ्यात त्याच झुकलेल्या निळ्या अक्षरात:

"वारा पूर्ण पडला. सगळे चॅनेल शांत. असं रेकॉर्ड सीझनमध्ये एकदाच मिळतं. जपून ठेवा."

मुलाने विचारलं, "हा कोणता फाइल नंबर, मॅडम?" आणि लिहून घेतला.